वराहज्वराची परीक्षा

महागावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी डुकरे पाळून गुजराण करणाऱ्या कुटुंबाची सारी पुंजी त्या चार-दोन जनावरांतच गुंतलेली असते. म्हणून एखादे जनावर तापाने फणफणून खाणे सोडते आणि त्याच्या कानांवर जांभळट डाग उमटतात, तेव्हा रोग नेमका कोणता, हा प्रश्न त्या घराच्या भवितव्याचा होतो. आपल्या देशात फार पूर्वीपासून ठाण मांडून बसलेल्या क्लासिकल स्वाइन फिव्हरवर लस आहे. 2020 साली आसाम-अरुणाचलात प्रथम आढळलेल्या आफ्रिकन स्वाइन फिव्हरवर मात्र आपल्या पशुपालकाच्या हाती ना लस आहे ना औषध. आणि दोहोंची लक्षणे इतकी सारखी, की अनुभवी पशुवैद्यालाही केवळ पाहून निर्वाळा देता येत नाही.

नमुना घेताना मी जवळून पाहिले आहे. वरच्या जबड्यात दोरीचा फास अडकवून जनावर धरतात, ते जिवाच्या आकांताने ओरडत असते, आणि मानेच्या खोबणीतून काढलेले रक्त दोन नळ्यांत वाटले जाते. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याने ती हलकेच उलटीसुलटी करतात. लाल झाकणाची नळी न हलवता उभी ठेवतात, म्हणजे रक्त साकळून वर पिवळसर रक्तरस सुटतो. पहिली नळी विषाणूच्या शोधासाठी, दुसरी त्याच्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेल्या प्रतिपिंडांसाठी. जनावर दगावलेच, तर पाणथरी, टॉन्सिल आणि लसिकाग्रंथींचे तुकडे घेतात. हा सारा ऐवज बर्फाच्या पेटीतून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे, आणि संशय आफ्रिकन ज्वराचा असल्यास भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे रवाना होतो.

तेथे पीसीआर ही परीक्षा विषाणूच्या जनुकद्रव्याचा ठरावीक अंश सुमारे चाळीस आवर्तनांत पुनःपुन्हा दुप्पट करून उघडकीस आणते, त्यामुळे आजाराच्या आरंभीही तिचा कौल भरवशाचा असतो. क्लासिकल ज्वराचा विषाणू आरएनए प्रकारचा असल्याने त्याच्या बाबतीत आधी आरएनएचे डीएनएत रूपांतर करावे लागते, इतकाच फरक. प्रतिजन, म्हणजे विषाणूचे प्रथिन, शोधणारी एलायझा ही परीक्षा स्वस्त व एकाच वेळी अनेक नमुन्यांना सोयीची खरी, परंतु रोग रेंगाळला की प्रतिपिंडे प्रतिजनाला वेढून टाकतात आणि ती फसते. प्रतिपिंडांची एलायझा आफ्रिकन ज्वरात आठवडा-दीड आठवड्यानंतर, तर क्लासिकल ज्वरात दोन-तीन आठवड्यांनंतर बोलू लागते. त्याआधीच जनावर मेले तर ती मूकच राहते. शिवाय क्लासिकल ज्वराची रूढ लस टोचलेल्या जनावरातही तीच प्रतिपिंडे सापडतात, म्हणून लसीकरणाच्या नोंदीवाचून तिच्या अहवालाचा अर्थच लागत नाही.

तात्पर्य, या परीक्षांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे व्यर्थ आहे: ताजा आजार असेल तर पीसीआर, कळपात रोग येऊन गेला काय हे जाणायचे असेल तर प्रतिपिंडे. मात्र जनावर केव्हा आजारी पडले आणि लस केव्हा टोचली, या दोन तारखा नमुन्यासोबत गेल्याच पाहिजेत. आणि त्या केवळ पाळणाऱ्यालाच ठाऊक असतात. म्हणून पशुपालकांना कळकळीची विनंती आहे, की मेलेले डुक्कर ओढ्याकाठी फेकण्यापूर्वी किंवा आजारी डुक्कर घाईघाईने विकण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्यावी.