त्वचेच्या कर्करोगावर दुहेरी औषधयोजना

त्वचेच्या कर्करोगांपैकी मेलॅनोमा हा अत्यंत घातक प्रकार होय. त्वचेला वर्ण देणाऱ्या रंगपेशींत तो उद्भवतो. वेळीच लक्षात आल्यास शस्त्रक्रियेने तो समूळ काढून टाकता येतो. परंतु फुप्फुसे, यकृत वा मेंदू यांत पसरल्यावर त्याला आवर घालणे दुरापास्त होते. २०११ पूर्वी अशा अवस्थेतील निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरही जगत नसत. शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कामास लावणाऱ्या औषधांनी ही स्थिती पालटली.

दोन लगाम

रक्तातील 'टी' पेशी रोगजंतूंचा आणि विकृत पेशींचा नाश करतात. ही शक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटू नये म्हणून निसर्गाने तिला लगाम घातले आहेत. कर्करोग या व्यवस्थेचा गैरफायदा घेऊन स्वतःचा बचाव करतो. 'सीटीएलए-४' हा लगाम खेचून धरलेला सोडल्यास कर्करोगावर मात करता येते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स ॲलिसन यांनी दाखविले. 'पीडी-१' हा दुसरा लगाम जपानमधील तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली शोधून काढला. या कार्याबद्दल उभयतांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पहिला लगाम सैल करणाऱ्या इपिलिमुमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये, तर दुसरा सैल करणाऱ्या निव्होलुमॅबला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या औषधाचे कार्य मुख्यत्वे लसीका ग्रंथींत, म्हणजे 'टी' पेशी लढ्यास सज्ज होतात तेथे चालते. दुसऱ्याचे प्रत्यक्ष गाठीपाशी. म्हणूनच दोहोंची जोड देण्याचा विचार पुढे आला.

लाभ किती?

पसरलेला मेलॅनोमा असलेल्या ९४५ रुग्णांचे तीन गट करून या औषधांची तुलना करण्यात आली. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के, केवळ निव्होलुमॅब मिळालेल्यांपैकी ३७ टक्के, तर केवळ इपिलिमुमॅब मिळालेल्यांपैकी १९ टक्के रुग्ण हयात होते.

धोका कोणता?

तथापि लगाम सोडलेली शक्ती आपपर भाव विसरू शकते. आतडी, यकृत, फुप्फुसे, त्वचा आणि अंतःस्रावी ग्रंथी यांना दाह होतो. दुहेरी उपचार घेणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले. केवळ निव्होलुमॅब घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. बहुतेक दुष्परिणाम स्टेरॉइड औषधांनी आटोक्यात येतात, परंतु ग्रंथींची हानी झाल्यास संप्रेरकांच्या गोळ्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात. जुलाब, धाप, कावीळ वा कमालीचा थकवा जाणवल्यास घरगुती उपाय करीत न बसता रुग्णाने त्याच दिवशी डॉक्टरांना कळविणे अगत्याचे असते. दुष्परिणामांमुळे उपचार मध्येच थांबवावा लागला, तरी अनेकांना त्याचा लाभ पुढेही टिकून राहिल्याचे आढळले आहे.

सबब ही जोडयोजना सरसकट सर्वांना दिली जात नाही. रोग मेंदूपर्यंत पोहोचला आहे काय, रुग्णाची प्रकृती कितपत सोसू शकेल, हे पाहून तज्ज्ञ निर्णय घेतात. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली निव्होलुमॅब व रेलाटलिमॅब ही जोडी तुलनेने सौम्य आहे. ती 'लॅग-३' हा तिसरा लगाम सैल करते.

वेळीच ओळख

भारतात हा रोग विरळ आहे. मात्र सावळ्या वर्णाच्या लोकांत तो तळपाय, तळहात आणि नखांखाली अधिक आढळतो व दुर्लक्षित राहतो. आकार वा रंग बदलणारा तीळ, नखाखालची रुंदावत जाणारी काळी रेघ किंवा तळपायाची न भरणारी जखम दिसल्यास ती कापू वा जाळू नये, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. औषधे कितीही प्रभावी झाली, तरी रोग पसरण्यापूर्वी केलेली लहानशी शस्त्रक्रिया हाच आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे.