पावलाखालचा भरवसा

दसऱ्याला आमच्या घरी दोन पूजा होतात. एक देवघरात, पाटी-पुस्तकांची आणि सरस्वतीची. दुसरी फाटकापाशी, आमच्या फियाटची. वडिलांनी १९६६ साली ही गाडी घेतली तेव्हा ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणजे केवढी मिजास! नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पुढे तिच्याच घराण्यात प्रीमियर पद्मिनी जन्मली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि २०२३च्या ऑक्टोबरात तीही मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आमची फियाट मात्र निवृत्तीचे नाव काढीत नाही. दर पाच वर्षांनी तिची फेरनोंदणी होते, आणि दर पाच वर्षांनी आमची सौ. म्हणते, “आता पुरे!”

पण ‘पुरे’ म्हणणे अवघड आहे, कारण वर्षातून एकदा तरी तिला मोठा प्रवास असतो. भाऊबीजेला पुण्याहून निघायचे, ताम्हिणी घाट उतरायचा आणि माणगावला ताईच्या दारात गाडी उभी करायची. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला आता दूरचे नीट दिसत नाही, पण फियाटचा भोंगा ती अजून ओळखते.

तर यंदाच्या दसऱ्याला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले आणि रिवाजाप्रमाणे गाडीची एक फेरी काढली. कोपऱ्यावर ब्रेक दाबला, तर पेडल निम्म्याहून खाली गेले. पायाखाली ओला स्पंज असावा तसे! घाईघाईने दुसऱ्यांदा दाबले, तेव्हा ते वर आले आणि गाडी थांबली. शेजारी बसलेल्या सौ.ला काही कळले नाही. मीही काही बोललो नाही.

वाचकहो, पुढचे आठ दिवस मी मनाशी एकच वाक्य घोकत होतो : “दोनदा मारला की लागतो.” जुन्या गाडीवाल्यांच्या तोंडचे हे सर्वांत लाडके आणि सर्वांत घातकी वाक्य. रस्त्यात मूल आडवे आले तर दुसऱ्यांदा पाय मारायला वेळ असतो का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. एका गॅरेजमध्ये जाऊन आलो. तिथल्या पोराने बॉनेट उघडले, डबीत ब्रेक ऑइल ओतले आणि म्हणाला, “जुनी गाडी आहे काका, असंच असतं.” मला हवे तेच तो बोलला होता. मी खुशीत घरी आलो.

चोरी उघडकीस आली ती मंडईतून परतताना.

“अहो, तुमचा पाय दोनदा का नाचतो?”

“कुठे? छे!”

“चाळीस वर्षं तुमच्या शेजारी बसत्येय मी. घाटात नात मागच्या सीटवर असणार आहे, एवढं लक्षात असू द्या.”

त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी आमच्या जुन्या मिस्त्रींना बोलावून आणले. वडिलांच्या वेळेपासूनचा हा माणूस. आता गॅरेज मुलाच्या हवाली केले आहे, पण फियाटचे नाव काढताच आले.

त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. मला सीटवर बसवले आणि म्हणाले, “साहेब, आधी पाय काय सांगतो ते ऐकू या.”

मग त्यांनी जे सांगितले ते मी इथे लिहून ठेवतो, कारण ते प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला ठाऊक असावे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो. ते तेल नळ्यांतून चारही चाकांच्या सिलिंडरांत जाते, तिथले दट्टे ब्रेक शूंना बाहेर रेटतात, आणि शू फिरत्या ड्रमला घासून चाक थांबवतात. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच विद्वानाने सांगितले. १९२१ साली अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना असे तेलाचे ब्रेक बसले. सारी मदार एकाच गोष्टीवर असते : तेल दाबून आक्रसत नाही. हवा मात्र आक्रसते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचे निम्मे बळ तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडते.

“आता तीन प्रश्न,” मिस्त्री म्हणाले. “पेडल खाली जाऊन टणक लागतं का? तसं असेल तर शू आणि ड्रम यांत अंतर वाढलंय, ॲडजस्ट करायचं. मऊ लागून दोन-चारदा मारल्यावर वर येतं का? मग आत हवा आहे. आणि दाबून धरलं तर हळूहळू बुडत जातं का? मग तेल कुठेतरी पळतंय, बाहेर तरी, नाही तर मास्टर सिलिंडरच्या वायसरवरून आतल्या आत.”

मी दाबले. मऊ. चारदा मारले, वर आले. धरून ठेवले, आणि मनात साठ आकडे मोजीपर्यंत ते बोटभर खाली उतरले. म्हणजे हवाही होती आणि गळतीही. डबी उघडली. आठ दिवसांपूर्वी काठोकाठ भरलेले तेल दोन बोटे खाली गेले होते.

“तेल कमी झालं म्हणून ओतलं, पण गेलं कुठे ते नाही विचारलं,” मिस्त्री म्हणाले. हे त्या गॅरेजातल्या पोराला होते की मला, ते मी विचारले नाही.

चाकांना दगड लावले, गाडी उचलून भक्कम घोड्यांवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हे मिस्त्रींनी माझ्या नातीलाही बजावले. एकेक चाक, एकेक ड्रम उतरला. पुढची दोन्ही कोरडी. मागच्या उजव्या सिलिंडरची रबरी टोपी नखाने उचलली, तर आतून तेलाचा थेंब ओघळला. शूचे लायनर भिजून काळे झाले होते. सिलिंडर खोलला तेव्हा आतल्या गुळगुळीत भिंतीवर गंजाचे खड्डे! त्या खड्ड्यांवर घासून रबरी वायसर झिजला होता.

“लोखंडाच्या पोटात, तेलात, गंज कसा चढला?” मी विचारले.

“ब्रेक ऑइल पाणी पितं, साहेब. हवेतली ओल ओढून घेतं. शेवटचं कधी बदललं होतं?”

डॅशबोर्डच्या कप्प्यात वडिलांची जुनी वही अजून आहे. ती काढली. त्यांच्या वळणदार अक्षरात दर दुसऱ्या दिवाळीला एक ओळ : ‘ब्रेक ऑइल बदलले.’ एकही दिवाळी चुकलेली नाही. पुढे माझे अक्षर सुरू होते. पेट्रोलचा हिशेब, टायरची किंमत, आणि ब्रेक ऑइलची एकच ओळ, नऊ वर्षांपूर्वीची. गाडी म्हातारी झाली म्हणून मी जगाला सांगत होतो. खरे तर मी आळशी झालो होतो.

या ओलीचे दुसरे संकट घाटात उभे राहते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल २०५ अंश सेल्सियसच्या आत उकळू नये, असा दंडक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही हमी १४० अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ड्रम तापले की असे तेल उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. पेडल मग थेट जमिनीला टेकते. त्यातून आमच्या गाडीत चारही चाकांना तेलाचा एकच मार्ग. एका जागी फुटला की चारही ब्रेक गेले.

मागचे दोन्ही सिलिंडर नवे घातले. शूही दोन्ही बाजूंचे बदलले. एकीकडे नवे आणि एकीकडे जुने ठेवले तर गाडी एका अंगाला ओढते. रबरी होज पाइपांना भेगा होत्या, तेही बदलले. शू ड्रमला लागेपर्यंत आणून चाक मोकळे फिरेल इतकेच मागे घेतले. मग हवा काढायचे काम. त्याला माणसे दोन लागतात. मिस्त्रींचा मुलगा नेमका बाहेरगावी, आणि मी नातीसह तेलाच्या डबीवर पहाऱ्याला. तेव्हा पेडलवर बसली आमची सौ.!

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे, मागचे डावे चाक आधी. निपलला पारदर्शक नळी, तिचे टोक बाटलीतल्या नव्या तेलात बुडवलेले.

“दाबा वहिनी!”

“दाबला.”

मिस्त्री निपल सैल करीत. बाटलीत बुडबुडे उठत.

“धरून ठेवा!” निपल बंद. “आता सोडा.”

आधी बंद, मग सोडायचे. उलट झाले तर हवा पुन्हा आत. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, बाटलीतले तेल पुन्हा वापरायचे नाही, आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवायचा, नाही तर रंग निघतो. चहासारखे काळपट तेल हळूहळू स्वच्छ झाले. चौथ्या चाकाला शेवटचा बुडबुडा गेला आणि सौ. एकदम म्हणाली, “अगंबाई, दगडासारखं लागतंय!”

मिनिटभर जोराने दाबून धरले, पेडल तसूभर हलले नाही. सारे सांधे पुन्हा तपासले, कोरडे. आधी गल्लीत चालण्याच्या वेगाने, मग मोकळ्या रस्त्यावर परीक्षा झाली. एका दाबात, सरळ रेषेत गाडी उभी.

भाऊबीजेला ताम्हिणी घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. इंजिनला गाडी धरू द्यायची आणि ब्रेक गरजेपुरता, हा वडिलांचा नियम. मागून मोटारी भोंगे वाजवीत पुढे जात होत्या. नात विचारीत होती, “आजोबा, आपण एवढे हळू का?”

माणगावला पोचेतो दुपार झाली. ताई ओट्यावरच बसली होती.

“उशीर केलास रे! आंघोळीचं पाणी कधीचं निवलं.”

“घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, ताई.”

ती थोडी थांबली, मग म्हणाली, “बाबाही तसेच यायचे. सगळ्यांच्या नंतर.”

संध्याकाळी ओवाळून झाल्यावर मी गाडीतली वही काढली आणि वडिलांच्या ओळी मोजून त्यांच्याखाली माझी एक लिहिली : ‘ब्रेक ऑइल बदलले.’ शेजारी सौ.ने आपल्या हाताने भर घातली : ‘पेडल मी दाबले.’