धाराशिव जिल्ह्यातील एक लाख एकतीस हजार स्त्रिया

आजचा उस्मानाबाद, म्हणजे धाराशिव जिल्हा, एके काळी निजामाच्या राज्यात होता. आपल्यापैकी काही घरांची मुळे तिकडचीच. त्या जिल्ह्यातील खेड्यांतून 1999 मध्ये एक वैद्यकीय चाचणी सुरू झाली आणि तिच्या निष्कर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचे जगाचे धोरण बदलण्यास मोठा हातभार लावला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केले.

तीस ते एकोणसाठ वर्षांच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांची गावांच्या 52 समूहांनुसार चार गटांत विभागणी झाली. कोणता समूह कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप चाचणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचाच घटक, लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिले. चौथ्या गटाची अशी तपासणी केली नाही. तपासणी एकदाच; पाठपुरावा आठ वर्षे.

आकडे वाचताना प्रथम गोंधळ होतो. एचपीव्ही गटात 127 कर्करोग सापडले, तपासणी न झालेल्या गटात 118. मग लाभ काय? लाभ रोगाच्या अवस्थेत आहे. पुढच्या अवस्थेला गेलेले कर्करोग पहिल्या गटात 39, दुसऱ्यात 82. मृत्यू 34 आणि 64. तपासणीने दडलेला रोग लवकर उजेडात आणला, म्हणून आरंभीच्या अवस्थेतली संख्या फुगली. उशिरा कळणारा, जिवावर बेतणारा रोग मात्र निम्म्यावर आला. पॅप आणि आम्लाच्या गटांत एवढा ठळक फरक दिसला नाही. पॅपची काच वाचायला कसलेली नजर लागते, आम्लानंतरचा पांढरा डाग ओळखायलाही. विषाणूची चाचणी यंत्र करते, आणि ती रोगाच्या कारणालाच गाठते. तरी आम्लाची पद्धत टाकाऊ ठरत नाही : मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या कार्यकर्त्यांनी तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

चौथ्या गटाविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे. त्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न पुढे जाहीरपणे विचारला गेला. संशोधकांचे म्हणणे, देशात तेव्हा तपासणीची व्यवस्थाच नव्हती, म्हणून जे सर्वत्र मिळत होते तेच त्यांना मिळाले. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही. व्यवस्था नसणे ही वस्तुस्थिती आहे, समर्थन नव्हे. पण ते चौसष्ट मृत्यू मोजले गेले नसते, तर चौतीस या आकड्याला अर्थ आला नसता, हेही खरे.

2021 पासून जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही तपासणी सुचवते. हिचा नमुना स्त्रीला स्वतः, आडोशाला जाऊन घेता येतो. आपल्या घरांतल्या ज्या काकू-माम्या संकोचापायी दवाखान्याची पायरी चढत नाहीत, त्यांच्या कानावर निदान एवढे तरी घालावे.