गृहउद्योगिनीचा कारभार आणि घराचा तोल

गृहउद्योगाचा आरंभ बहुधा स्वयंपाकघरातच होतो. शेजारणीने चव घेतली, तिने दुसरीला सांगितले, सणासुदीला चार किलोंची मागणी आली आणि पाहता पाहता माजघराचा कारखाना झाला, ही हकीकत महाराष्ट्रातील अनेक उद्योगिनींच्या बाबतीत खरी आहे. भांडवल, परवाने, बाजारपेठ या प्रारंभीच्या अडचणींविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु उद्योग काही वर्षे टिकून सात-आठ जणींना रोजगार देऊ लागला, की एक निराळीच अडचण उभी राहते व तिची वाच्यता क्वचितच होते. प्रत्येक कामाला संस्थापिकेचाच हात लागावा लागतो, ही ती अडचण होय.

मसाल्याचे उदाहरण घेऊ. सातारा-कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाल्याचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा. या काळात उद्योगिनी पहाटे मिरची निवडण्यास बसते ती रात्री पुड्या मोजूनच उठते. धणे, तीळ, खोबरे भाजण्याचे काम ती दुसरीकडे सोपवीत नाही, कारण गिऱ्हाईक तिच्या हाताच्या चवीसाठी येते अशी तिची श्रद्धा असते. ती बरीचशी खरीही असते. मात्र परीक्षा, लग्नसराई आणि माहेरवाशिणींचे येणेजाणे नेमके याच दिवसांत. अशा वेळी ती आठ दिवस अंथरुणास खिळली, तर भट्टी थंड पडते, बायकांची मजुरी बुडते आणि कांडपाची राहिलेली मिरची पावसाळी हवेत ओल धरते. तिला नुसता विश्रांतीचा उपदेश करून काय उपयोग? कामाची मांडणीच बदलावयास हवी.

ही मांडणी कशी बदलता येते, याचा उत्तम धडा 'लिज्जत पापड'च्या इतिहासात आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात जसवंतीबेन पोपट व त्यांच्या सहकारी मिळून सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. पहिल्या वर्षी पापड वाळेनात म्हणून पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी आणली, पापड खाटेवर पसरले आणि शेगडी खाली ठेवली. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत असत. समाजसेवक छगनलाल पारेख यांनी त्यांना एकच प्रत राखण्याचा आणि हिशेब चोख ठेवण्याचा सल्ला दिला. पुढे संस्थेची जी कार्यपद्धती रूढ झाली तीत पीठ केंद्रावर एकत्र मळले जाते, भगिनी ते घरी नेऊन लाटतात आणि लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी केंद्रावर तपासून घेतले जातात. चव ज्यावर अवलंबून आहे ते पीठ एका ठिकाणी राहिले आणि ज्याला वेळ फार लागतो ते लाटणे घरोघर गेले. कोणते काम एका नजरेखाली ठेवावे व कोणते वाटून द्यावे, याचा हा निवाडा होय. जसवंतीबेन यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तोपर्यंत संस्थेत हजारो भगिनी काम करीत होत्या. एकटीच्या हाताच्या चवीवर इतका विस्तार झाला नसता.

मसाल्याच्या उद्योगात हाच निवाडा करावयाचा झाल्यास भाजणीपासून आरंभ करावा लागतो. उद्योगिनी 'रंग आला की उतरवायचे' असे सांगते. परंतु तो रंग तिच्या डोळ्यांत असतो, कागदावर नसतो. म्हणून प्रत्येक जिन्नस वजन करून कढईत घालावा, भाजून झाल्यावर पुन्हा वजन करावे, लागलेला वेळ लिहावा आणि पसंत पडलेल्या भाजणीची थोडी चिमूट बरणीत राखून ठेवावी. पुढील खेपेस दुसरीने भाजलेला माल त्या बरणीशी ताडून पाहता येतो. बरणीतला नमुना जुना होतो म्हणून तो अधूनमधून बदलावा लागतो, हे ओघाने आलेच. पहिल्या चार-दोन खेपा बिघडतील. तो खर्च शिक्षणाचा समजून आधीच हिशेबात धरावा, म्हणजे बिघडलेली कढई पाहून पुन्हा स्वतःच पदर खोचून उभे राहण्याचा मोह होत नाही. खरे पाहता हा मोहच सर्वांत कठीण आहे. वर्षानुवर्षे जिने स्वतः केले तिला दुसरीचे चुकणे स्वस्थपणे पाहणे जड जाते.

भट्टीवरून उठलेल्या उद्योगिनीने मग करावे काय? खरेदी, दर आणि वसुली ही तीन कामे तिची वाट पाहतच असतात. पुष्कळ घरांत धंद्याचा पैसा व घरखर्चाचा पैसा एकाच डब्यात असतो आणि मालकिणीची मजुरी कोठेच मांडलेली नसते. परिणामी मालाची किंमत कमी ठरते आणि नफा म्हणून जे दिसते ते तिचेच न दिलेले वेतन असते. तिने महिन्याकाठी स्वतःच्या नावे ठराविक रक्कम खर्ची टाकली, की दर आपोआप खरा ठरतो. वसुलीच्या बाबतीत कायद्याचा आधार आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ अन्वये नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरलेली असली तरी ४५ दिवसांच्या आत, देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास व्याज मागता येते व सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. मात्र त्यासाठी उद्यम नोंदणी केलेली असावी आणि बिल लेखी असावे. तोंडी उधारीला कायदा काय करणार? उद्योजकतेच्या प्रशिक्षणासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, तसेच आपल्या जिल्ह्यातील जिल्हा उद्योग केंद्र यांच्याकडे विचारणा करता येईल.

राहता राहिला घराचा प्रश्न. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या काळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे व घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे विनामोबदला घरकामास देतात असे आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आले. म्हणजे स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे वाचविली! जवळजवळ पाच तासांचे घरकाम उरकून जी कारखाना पाहते, तिने भट्टी सोपविली तरी चूल सुटत नाही. भाजणीसाठी जो नियम, तोच येथेही लावावा लागेल. काम नेमून द्यावे आणि दिल्यावर त्यात हात घालू नये. 'मी तिला मदत करतो' असे कौतुकाने सांगणाऱ्या यजमानांना एखादे काम संपूर्णपणे, भाजी आणण्यापासून भांडी लावण्यापर्यंत, सोपवून पाहावे. भाजी थोडी खारट होईल इतकेच. शक्य तेथे मालाची खोली राहत्या घरापासून वेगळी करावी व विक्रीची वेळ दारावर लिहावी, म्हणजे रात्री नऊला पाव किलोसाठी कडी वाजणार नाही.

नवी घडी बसली किंवा नाही हे ताडण्यास एक साधा उपाय आहे. उद्योगिनीने आठ दिवस गावी जावे आणि दूरध्वनी करू नये. पहिल्या वर्षी हा प्रयोग ऐन हंगामात करू नये. मृगाच्या सरी पडून मागणी ओसरली म्हणजे जावे, परत आल्यावर भाजणीची वही, रोकड व राखून ठेवलेले नमुने पाहावेत, आणि जेथे आपल्यावाचून अडले असेल तेवढेच काम पुढच्या हंगामाआधी दुसरीला शिकवावयास घ्यावे.