विमानतळाचा वारा, गोवंडीची खिडकी

26 जुलै 2005च्या प्रलयात सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच वेळी कुलाब्यात 75 मिलिमीटरसुद्धा पडला नव्हता. एकाच शहराच्या दोन टोकांचे हवामान इतके वेगळे असू शकते. तरीही मुंबईतल्या नव्या इमारतीचा आराखडा संगणकावर तपासताना सहसा साऱ्या शहरासाठी विमानतळाजवळच्या नोंदींवरून बनवलेली एकच हवामान-फाइल वापरतात.

या फाइलमध्ये वर्षाच्या 8,760 तासांचे तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा असतो. हे वर्षही सलग घडलेले नसते. अनेक वर्षांतले प्रातिनिधिक महिने निवडून ते जुळवलेले असते. एसीला किती वीज लागेल, याचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी बांधता येतो. वाऱ्याचे तसे नाही. वेधशाळा वारा मोजते तो मोकळ्या जागी, जमिनीपासून 10 मीटर उंचीवर. आपल्या खिडकीसमोर असते ती शेजारची इमारत.

म्हणून जागेपुरते प्रतिरूप करावे लागते. कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रहरी वारा कोणत्या दिशेने येतो, हे आधी पाहायचे. मुंबईत दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटतात आणि पावसाळ्यात नैऋत्येचा जोर असतो. मग आसपासच्या इमारती, टेकड्या, झाडे यांच्यासह परिसर संगणकात उभा करून हवेच्या प्रवाहाचे गणित सोडवायचे. उंच टॉवर असेल तर परिसराची छोटी प्रतिकृती वातबोगद्यात फिरत्या तबकडीवर ठेवून प्रत्येक दिशेचा वारा तपासतात. उंचावरचा वेगवान वारा टॉवरवर आपटून खाली उतरतो आणि रस्त्यावरच्या माणसाला उभे राहणे कठीण करतो, तेही इथेच कळते.

संगणक हाताशी नसतानाही वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी हा विचार केला होता. मुंबईत 1983 साली पूर्ण झालेल्या त्यांच्या ‘कांचनजंगा’ या टॉवरमध्ये घरे पूर्व-पश्चिम आरपार आहेत आणि कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या बागा आहेत. समुद्राचा वारा आत यावा, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा थेट खोलीत येऊ नये, अशी ती योजना आहे.

हा विचार श्रीमंतांच्या टॉवरपुरता उरला, हे खरे दुखणे आहे. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत कित्येक इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. इतक्या अरुंद फटीत वारा फारसा उतरत नाही, गच्च्यांवरून घसरत निघून जातो. 2018मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा अभ्यास पुढे आला. इमारती तुलनेने सुट्या असलेल्या जवळच्या पीएमजी कॉलनीपेक्षा या दोन वसाहतींत क्षयरोग कितीतरी जास्त आढळला. त्याचा संबंध उजेड आणि वायुवीजनाच्या अभावाशी होता.

आपल्या नियमांत वादळाची चिंता आहे. आयएस 875 या मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर, धरला आहे आणि त्यावरून इमारतीची मजबुती ठरते. रोजच्या झुळुकीची अशी हमी कोणी मागत नाही. निवासी इमारतींसाठीची ‘इको-निवास संहिता’ उष्ण-दमट भागात घराच्या क्षेत्रफळाच्या 16.66 टक्के उघडता येण्याजोगी जागा मागते. पण तीन मीटरच्या बोळात उघडणारी मोठी खिडकीही वारा कुठून आणणार?

वाऱ्याचा अभ्यास इमारतींची मांडणी ठरण्याआधी झाला पाहिजे. नंतर हाती उरतो तो फक्त एक्झॉस्ट फॅन. सरकारने पुनर्वसनाच्या प्रत्येक प्रकल्पाला वाऱ्याचा हा अभ्यास सक्तीचा करावा. तुमची सोसायटी पुनर्विकासाला जात असेल, तर कार्पेट एरिया आणि पार्किंगच्या बरोबरीने वास्तुविशारदाला विचारा: शेजारच्या इमारती धरून आमच्या खालच्या मजल्यांवर वारा किती येईल? उत्तर आकड्यांत मागा आणि ते मिळेपर्यंत आराखड्यावर सही करू नका.