रेघ कुठे ओढायची?

घरात पाच माणसे आणि दिवसाला पंधरा भाकरी. सरासरी माणशी तीन. पण म्हातारी आजी एका भाकरीत उठते आणि नांगर धरणाऱ्या नातवाला पाचही पुरत नाहीत. भाकरी थापणाऱ्या बाईला हे गणित शिकवावे लागत नाही. सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करणाऱ्या, उद्या कचेरीत बसून लाखो घरांचा हिशेब मांडणाऱ्या मुलांना मात्र ते शिकवावे लागते.

त्यासाठी धडा पुण्यातच घडलेला आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. रोज माणशी २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च, ही त्यांची रेघ. १९६०-६१च्या किमतींनी खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे ह्या रेघेखाली निघाली.

पुढे पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. हे आकडे म्हणजे सरासरी गरज. गरज माणसागणिक बदलते, एकाच माणसाची दिवसागणिकही बदलते. मग सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? रेघ बरीच खाली हवी. दांडेकरांचे म्हणणे, दारिद्र्य आणि कुपोषण ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

हा वाद वर्गात दोन गट पाडून लढवावा. 'प्रमाण विचलन' हा रुक्ष शब्द तिथे जिवंत होतो. रेघ थोडी खाली सरकली की किती घरे यादीतून गळतात, हे मुलांनी स्वतःच्या हाताने मोजावे. मग अर्थशास्त्राच्या तासाला विचारावे : आजीची भूक खरोखरच एका भाकरीची, की नातवाला पुरावे म्हणून ती लवकर उठते? कोष्टकात दोन्ही आज्या सारख्याच दिसतात.

१९९७ साली रेशनचे धान्य रेघेवरचे आणि रेघेखालचे असे विभागले गेले, तेव्हा ही रेघ वहीतून निघून दुकानाच्या दारात उभी राहिली. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने खेड्यांत ७५ आणि शहरांत ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्याचा हक्क दिला. पण टक्के दिल्लीत ठरले, तरी नेमके कोणते घर आत आणि कोणते बाहेर, हे शेवटी कुणीतरी ठरवतोच. तो कुणीतरी आज बाकावर बसून गणिते सोडवतो आहे. त्याला एक सकाळ रेशनच्या रांगेत उभे करावे. परीक्षेत त्याचे गुण नसले तरी चालेल.