पहिली फुगडी

नागपंचमीला बाया फुगडी घालतात. पंढरीच्या वाटेवर पुरुष वारकरीही घालतात. लहानपणी राहून गेली असेल, तर आता शिका, असे आम्ही म्हणतो.

आपल्याच वजनाचा जोडीदार घ्या. जागा कोरडी हवी. बायांनी पदर खोचावा. समोरासमोर उभे राहा, चवडे जवळ आणा. हातांची फुली करून एकमेकांचे हात घट्ट धरा. हात ताठ करून मागे रेला. इथेच नवा माणूस भितो, अंग चोरतो. म्हणून तोल जातो. दोघेही सारखे रेलले, की आपला भार जोडीदार पेलतो, त्याचा आपण. मग बारीक पावलांनी गोल फिरा. पहिल्या दिवशी चार फेरे पुष्कळ झाले! गरगरले तर हळूहळू थांबा. हात मात्र एकदम सोडू नका, दोघेही आपटाल.